आपलाच माणूस

(सोलापुरात एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

माझे वडील मिलमध्ये बदली कामगार होते. बदली म्हणजे काय, हे पुढच्या दोन रांगांना सांगायला नको; मागे बसलेल्या पोरांसाठी सांगतो. पहाटे भोंगा झाला की डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या साच्यावर तुम्ही. सगळे आले तर डबा जसाच्या तसा घरी. कुणाला आत घ्यायचं ते जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, ठरवायचा. वडिलांचा जॉबर तोंडाचा फटकळ. काम दिल्याबद्दल दस्तुरी, म्हणजे पैसे, घ्यायचा, वर सणासुदीला त्याच्या घरी काहीतरी पोचवावं लागायचं. कॉलेजात चार पुस्तकं वाचल्यावर मी मोठ्या ऐटीत वडिलांना विचारलं, "तुम्ही हे सहन कसं केलंत?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाले, "आपल्या गावचा होता रे. त्यानंच मला सोलापुरात आणलं. तापानं पडलो तरी माझं नाव कमी करायचा नाही."

साधी माणसं हुकूमशाही चळवळींकडे का ओढली जातात, हा आजचा विषय. भाषणाला लोक हिटलरपासून सुरुवात करतात, मी जॉबरपासून केली. कारण माझ्या समजुतीप्रमाणे माणूस अशा चळवळीत विचार पटला म्हणून शिरत नाही. ओळखीचं कुणीतरी आधीच आत असतं, म्हणून तो शिरतो. विचार मागाहून पटतो, किंवा पटवून घेतला जातो.

जर्मनीत नॉर्टहाइम नावाचं एक छोटं गाव आहे. तेव्हाची वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या पेठेएवढी. विल्यम शेरिडन अॅलन या अमेरिकन इतिहासकारानं पुढे तिथल्या लोकांना भेटून, कागदपत्रं चाळून त्या गावाचा अभ्यास केला. १९२८च्या निवडणुकीत तिथं नाझींना १२३ मतं होती. चार वर्षांनी, १९३२च्या जुलैत, देशभरात त्यांना ३७ टक्के मतं पडली आणि या गावात ६० टक्क्यांच्या वर. सुरुवातीच्या नाझींमध्ये तिथला एक पुस्तकविक्रेता होता. भला, मनमिळाऊ माणूस, सगळ्या गावाला प्रिय. लोक म्हणायचे, तो त्यात आहे म्हणजे ठीकच असणार. दंगेखोरांच्या टोळीत गाव गेलं नसतं. पुस्तकवाल्याच्या मागं गेलं.

तुम्ही म्हणाल, बेकारी होती, लोक उपाशी होते. बेकारी होती खरीच. १९३२च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांवर लोक बेकार होते. पण गंमत बघा, ज्यांचं काम गेलं त्यांच्यातली बरीच मतं कम्युनिस्टांकडे गेली. नाझींकडे जास्त वळले ते दुकानदार, कारागीर, शेतकरी. त्यांचं अजून काही गेलं नव्हतं. जाईल अशी धास्ती होती. नॉर्टहाइममध्येही असंच दिसतं. रिकाम्या पोटापेक्षा भरल्या घरातली धास्ती जास्त लांब पळते. आपल्याकडे मिला बंद पडल्या तेव्हा गेटवर बसलेला कामगार निदान मोकळेपणानं शिव्या तरी देत होता. बोलणं तुटलं होतं ते ज्यांनी कर्ज काढून शहराच्या पूर्व भागात चार माग टाकले होते त्यांचं. रात्री माग चालू असताना ते हिशेब करत बसायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

१९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या थिओडोर एबल या प्राध्यापकानं एक नामी युक्ती केली. जर्मनीत निबंधस्पर्धाच लावली: मी नाझी पक्षात का आलो. बक्षिसं सगळी मिळून ४०० मार्कांची. सहाशेच्या वर लोकांनी लिहून पाठवलं. बऱ्याच निबंधांत ज्यूंचं नावही नाही. आहे ते काय? शाखेतली मैत्री. खांद्याला खांदा लावून चालणं. शेठ आणि हमाल एका रांगेत. याचा अर्थ ती माणसं निर्दोष होती असा नाही. द्वेष त्यांनी जेवणातल्या मिठासारखा न विचारता खाल्ला, आणि मीठ ज्यांच्यावर चोळलं गेलं त्यांना मैत्रीचं काय होय?

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. एवढ्या मोठ्या माणसाच्या वाक्याला पुस्ती जोडायचं धाडस करतो. भक्तीची पाळी फार उशिरा येते. आधी नुसती सोबत असते.

आणीबाणी आली तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो. स्टाफरूममध्ये एकच सूर: गाड्या वेळेवर येतात, कचेरीत बाबू खुर्चीवर सापडतो. मीही त्या सुरात होतो. पुढं देशात वर्षभरात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, तेव्हा तो सूर बदलला. सगळ्यांचा नाही.

कुणी म्हणेल, हे चार हुतात्म्यांचं गाव आहे, इथं असलं चालायचं नाही. १९३०च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. अभिमान आहेच. पण पुतळ्याला हार घालणारा हात आणि दोरी धरणारा हात एकाच खांद्याला असतो.

दोरीचं सांगतो आणि थांबतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. संघटनेचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे खूश होतील, निम्मे चिडतील, आणि दोघंही स्वतःला त्यातून सोडवून घेतील. गल्लीतला मित्र आला, म्हणाला, "ये बे, धर ही दोरी." छातीवर बिल्ला लावला, हातात शिट्टी दिली. मिरवणुकीची कडेची दोरी धरून चाललो. मंडळी, काय सांगू, मी शिट्टी मारली की बस थांबायची! घरी माझ्या शब्दाला कुत्रं विचारत नव्हतं.

वाटेत भाड्यानं सायकली देणारं दुकान होतं. तासाला काही पैसे देऊन मी तिथंच सायकल शिकलो होतो. दुकानदार आमच्यातला नव्हता, एवढंच. शटर निम्मं ओढून तो आत उभा होता. पुढच्या कुणीतरी रांगेतल्या पहिल्या सायकलला लाथ घातली. एकीवर एक, सगळ्या आडव्या झाल्या. मी दोरी सोडली नाही. उलट शिट्टी मारली, गर्दी पुढं सरकावी म्हणून.

आठवड्यानं माझी सायकल पंक्चर झाली. जवळ तेच दुकान. त्यानं ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले, ठिगळ लावलं. एक शब्द बोलला नाही. एरवी तो हवा फुकट भरून द्यायचा. त्या दिवशी त्यानं हवेचे पैसे वेगळे लावले. मी दिले.