उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फाची खरेदी

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. दुपार. ओसरीवर मोबाईल धरून बसलेला पोरगा.)

मार्च महिना. फरदडीचा शेवटचा कापूस घरात येऊन पडलाय, वावरात पऱ्हाट्या उपटणं सुरू आहे. अशा भर उन्हात हा गडी गुलमर्गच्या एका दुकानदाराशी व्हिडिओ कॉलवर बोलतोय. सौदा आहे जुन्या स्नोबोर्डचा, म्हणजे दोन्ही पाय अडकवून बर्फावरून घसरत जायच्या फळीचा.

"भैया, जरा उल्टा करके बताओ ना. नीचे का."

आतून माय विचारते, "कायची फयी घेऊन रायला बे? आपल्या इथं त गारपीटच पडते."

खरंच आहे. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा, उंची १,१०० मीटरच्या आसपास. तिथंही बर्फ पडत नाही. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. पोरगा यंदाच्या हिवाळ्यात तिथं जाऊन भाड्याच्या बोर्डवर शिकून आला. पहिल्या खेपेला भाड्यानंच घ्यावं हे आमचंही मत. खेळ आवडतो की नाही तेच माहीत नसताना कशाला पैसे गुंतवायचे? त्याला आवडला. आता पुढच्या डिसेंबरात स्वतःचा बोर्ड घेऊन जायचंय.

नवा बोर्ड, पाय अडकवायची बाइंडिंग आणि बूट असा सगळा संच घ्यायचा तर ५०,००० रुपये सहज ओलांडतात. जुन्यात बरंच कमी होतं. त्यातही हंगाम संपताना भाड्यानं देणारी दुकानं वापरलेला माल काढतात, तेव्हा भाव करायला जागा असते. म्हणून ही मार्चातली खरेदी.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर बोर्ड.)

दुकानदार आधी १६० सेंटिमीटरचा दाखवतो. चकचकीत, भारी कंपनीचा, वर "पक्का खिलाडी का बोर्ड है" अशी शिफारस. नवशिक्यानं नेमकं इथंच थांबावं. पक्क्या खेळाडूचा बोर्ड बहुधा कडक असतो. वेगात तो साथ देतो, पण ज्याला अजून वळताच येत नाही त्याला तो पाडतो. उभा केलेला बोर्ड हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावा, असा जुना ठोकताळा आहे. त्याहून खरा हिशेब वजनाचा. हा पोरगा साठेक किलोचा, उंची साडेपाच फूट. त्याला १५० च्या आसपासचा, मऊ, सहज वाकणारा बोर्ड हवा. रुंदीही बघायची. मोठ्या पायाला अरुंद बोर्ड घेतला की वळताना बुटाची टोकं बर्फात घासतात आणि माणूस तोंडावर पडतो. याचा पाय आठ नंबरचा, त्यामुळे साधी रुंदी चालते.

दुसरा बोर्ड निघतो. १५१. वरचं चित्र पार खरवडलेलं. खरवडू द्या, चित्रावर कोणी घसरत नाही.

आता तळ. पोरगा बोर्ड उन्हात तिरका धरायला सांगतो, म्हणजे ओरखडे उठून दिसतात. तळ पॉलिथिनचा असतो. बारीक रेघा, पांढुरके कोरडे पट्टे यांनी बिचकायचं कारण नाही, मेण लावलं की भागतं. मात्र खड्ड्यातून आतलं लाकूड दिसत असेल तर पाणी आत शिरलेलं असू शकतं. लाकूड फुगतं, थर सुटतात. असा बोर्ड फुकटही नको.

मग कडा. चारही बाजूंनी पोलादी पट्टी असते, बर्फ तीच धरते. वरवरचा तांबूस गंज कानशीनं निघतो. पट्टीला तडा असेल, ती बाहेर आली असेल, किंवा धार लावून लावून पार झिजली असेल, तर सोडून द्यायचं. पोरगा दुकानदाराला कडेकडेनं अंगठा दाबत जायला सांगतो. वरचा थर कुठं हलला, फट उघडली, तर समजायचं चिकटवण सुटलंय. दुकानदार कुरकुरतो, पण दाबून दाखवतो. कुरकुर न करता फोन बंद करणाऱ्याकडून घेऊच नये.

बाइंडिंग मात्र काढायलाच लावायची. खरं दुखणं तिच्याखाली लपलेलं असतं. तिथं आटे असलेली भोकं असतात, सहा मिलिमीटरच्या स्क्रूची. प्रत्येकात स्क्रू हातानं फिरवून बघायचा. आटा गेलेला असेल तर पाय भर वेगात सुटू शकतो. स्क्रू लांब असला तर पिळून बसवू नये, खालून तळाला फुगवटा येतो. बर्टन कंपनीच्या बऱ्याच बोर्डांना भोकांऐवजी लांब खाच असते, त्यावर प्रत्येक बाइंडिंग बसेलच असं नाही. म्हणून शक्यतो बोर्ड-बाइंडिंगची जोडीच घ्यावी, आणि बाइंडिंगच्या पट्ट्यांचं प्लास्टिक वाकवून बघावं. जुनं प्लास्टिक थंडीत तडकतं.

बूट आणि हेल्मेट? बूट नवे, स्वतः घालून बघून. टाच आत उचलली जाता कामा नये. दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट आपल्याला छळतो. कधीतरी आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसतं आणि आतून कामातून गेलेलं असतं, म्हणून तेही नवंच. वाचवायचे ते पैसे बोर्डवर वाचवा.

माय म्हणाली ते तसं चूकही नाही, सुरुवात फळीचीच. १९६५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला शर्मन पॉपेन यांनी दोन स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब अरुंद पट्ट्या, जोडून मुलींसाठी खेळणं केलं, आणि १९९८ च्या जपानमधल्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग खेळलं गेलं.

(दृश्य: मधली खोली. बाहेर टिनाचं छप्पर.)

सौदा ठरला. आता खरी परीक्षा आपल्या उन्हाची. टिनाखाली मे महिन्यात बोर्ड ठेवला तर तापून थर सुटू शकतात, म्हणून मातीच्या भिंतीच्या मधल्या खोलीत, सावलीत. आधी पुसून कोरडा करायचा, तळावर मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो खरवडायचा नाही, कडांवरही मेण, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. मेण इस्त्रीनं वितळवून पसरवायचं; इस्त्री बेताची गरम, सतत फिरती. धूर निघाला की समजायचं, जास्त झालं. मेण लागलेल्या इस्त्रीनं पुन्हा कपडे होत नाहीत, त्यामुळे बाजारातून जुनी आणायची. बाइंडिंगचे स्क्रू सैल करून ठेवायचे. डिसेंबरात मेण खरवडायचं, स्क्रू आवळायचे, आणि नागपूरहून जम्मूची गाडी पकडायची.