आधी बोंडला, मग कुळागर

मंडळी, आजचा विषय आहे गोव्यातल्या फोंड्याची कुळागरं आणि बोंडल्याचं अभयारण्य, एका दिवसात. माझं म्हणणं एवढंच की ही सहल बहुतेक लोक उलटी करतात. सकाळी कुळागर, तिथं गवती चहा, पत्रावळीवर भरपेट जेवण, आणि मग जड डोळ्यांनी जंगल. दुपारी दोनला जंगलही वामकुक्षी घेत असतं. मग म्हणायचं, 'काही दिसलं नाही हो!' हे का बदलायला हवं ते सांगणारच आहे. पण आधी कुळागर समजून घेऊ.

कुळागर म्हणजे 'मसाल्यांची बाग' ही पाटी नव्हे. डोंगराच्या कुशीत, झऱ्याच्या खालच्या अंगाला, टप्पे पाडून केलेली ती मुळात पोफळीची बाग. जोडीला माड, केळी, फणस. पोफळीवर मिरवेल चढवलेली, तिच्या सावलीत वेलची. पाणी वरून पाटानं खेळवलेलं.

तिथं दाखवणारा माणूस हमखास विचारतो: काळी, पांढरी, हिरवी, लाल मिरी किती झाडांची? उत्तर, एकाच वेलाची. टाळ्या होतात. उत्तर बरोबर आहे, पण खरी गंमत तिथून पुढे सुरू होते आणि तोवर मंडळी पुढच्या झाडाकडे गेलेली असतात. आपण थांबू.

काळीसाठी घोसातले एक-दोन दाणे नारिंगी-लाल झाले की घोस तोडायचा. दाणे सोडवून टोपलीत घ्यायचे, टोपली मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायची. त्यानं साल एकसारखी काळी होते आणि वाळणंही लवकर होतं. मग चार-पाच कडक उन्हं. 100 किलो ओल्या दाण्यांची साधारण 33 किलो काळी मिरी होते. घाईनं, ओल राहू देऊन भरली की बुरशी ठरलेली. पांढरीसाठी पूर्ण पिकलेले दाणे पोत्यात भरून आठवडाभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. साल कुजते, ती चोळून, धुऊन काढायची. साचलेल्या पाण्यात ठेवले तर दाण्यांना जो वास लागतो तो जात नाही. हातात येते 100 किलोमागे 25 किलोच्या आसपास. आता पांढरी महाग का, हे दुकानदाराला विचारायला नको. आणि हॉटेलातल्या काचेच्या चक्कीतली ती गुलाबी मिरी? बहुतेकदा ती मिरीच नसते. दक्षिण अमेरिकेतल्या भलत्याच झाडाचं ते फळ आहे.

मिरवेलीचा वैरी म्हणजे पावसाळ्यातला मर रोग. बुंध्याशी पाणी साचलं की बुरशी मुळात शिरते, पानांवर काळे डाग पडतात आणि बघता बघता वेल बसतो. म्हणून आधी चर, मग औषध. 1 टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं कालवायचं आणि मोरचूद चुन्यात ओतायचं, उलट नाही. लोखंडी सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

जायफळाची तऱ्हा वेगळी. रोपाचं झाड फुलायला सहा-सात वर्षं, आणि तेव्हा कळतं की निम्मी झाडं नर आहेत! (हसू नका, शेतकरी हसत नाही.) म्हणून हल्ली मादीची कलमं लावतात आणि दहा-एक माद्यांमागे एक नर ठेवतात. फळ आपणहून तडकेपर्यंत हात लावायचा नाही. जायपत्री, म्हणजे बीवरची लाल जाळी, वेगळी वाळवायची. कवचातली बी खुळखुळली की जायफळ तयार.

व्हॅनिला राहिली. तिचं फूल एक सकाळभर उमलतं. तिचे मेक्सिकोतले कीटक इथं नाहीत, म्हणून परागीकरण काडीनं, हातानं. ही युक्ती 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या 12 वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. बाहेर पडताना दुकानात केशर दिसलं तर नमस्कार करून पुढे व्हा. ते फोंड्यात पिकत नाही.

दहा मिनिटं राहिली? मग थोडक्यात.

बोंडला 8 चौरस किलोमीटरचं, एका सकाळी पुरणारं. प्राणिसंग्रहालयातच वेळ घालवू नका, झाडांखालून चाला, वर बघा. धनेश, शेकरू आणि नशीब असेल तर गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा बुलबुल. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, शेकरू आपल्या महाराष्ट्राचा.

आता मूळ मुद्दा. मिरी मूळची या सह्याद्रीच्या रानातलीच. जायफळ बांदा बेटांवरून आलेलं, पण त्याचे रानटी भाऊबंद इथंही आहेत. सत्तरी तालुक्यात बांबर गावच्या निरंकाराच्या राईत, म्हणजे देवराईत, ते दलदलीत उभे आहेत. त्यांची फळं धनेश गिळतो आणि बिया दूर टाकतो. वरचं रान तुटलं की खालचा झरा लवकर आटतो आणि पाट कोरडा पडतो. माकडं नारळ पाडतात म्हणून बागायतदार वैतागतो, तोही खोटा नाही. पण हे सगळं सकाळी रानात पाहिलं, तरच दुपारी पोफळीवरचा वेल बघताना तो मुळात कुठला, हे ध्यानात येतं.

तेव्हा सकाळी बोंडला, दुपारचं जेवण कुळागरात. मिरी बघायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. पावसात गेलात तर जळवांसाठी मीठ आणि लांब मोजे. आणि गुरुवारी निघू नका, बोंडला त्या दिवशी बंद असतं.