माउस बाजूला ठेवा, टॅब दाबा

श्रोतेहो, नमस्कार. संकेतस्थळं बनवणाऱ्यांशी आज बोलायचंय: मेनू माउसशिवाय आणि न बघताही वापरता येईल असा कसा करायचा.

रेडिओवरचं बोलणं एका रांगेत कानावर येतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला संकेतस्थळाचं पानही असंच, एकामागून एक ऐकू येतं. मेनूतल्या चाळीस लिंक्स डोळस माणूस एका नजरेत ओलांडतो. हाताला कंप असल्यामुळे माउस धरता न येणारा माणूस मात्र तोच मेनू चाळीस वेळा टॅब दाबून पार करतो, आणि नवं पान उघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पानावरची अगदी पहिली लिंक ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी ठेवायची. ती एरवी दिसली नाही तरी चालेल, पण टॅब दाबताच दिसली पाहिजे. इथे दोन चुका नेहमी होतात. लिंक लपवण्यासाठी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘डिस्प्ले नन’ लिहिलं, की ती कीबोर्डलाही सापडत नाही. दुसरी चूक रचना बदलताना होते. मुख्य भागाचा आयडी, म्हणजे कोडमधलं त्याचं नाव, बदलतो, लिंक जुन्याच आयडीकडे बोट दाखवत राहते, आणि दाबलं तरी काहीच घडत नाही.

आता माउस बाजूला ठेवून तुमच्याच संकेतस्थळावर टॅब दाबत चला. आपण कुठे आहोत हे प्रत्येक वेळी कळतंय का? टॅब ज्या लिंकवर किंवा बटणावर थांबलाय, तिथे फोकस आहे असं म्हणतात. ब्राउझर फोकसभोवती चौकट आपणहून काढतो. ती कुरूप दिसते म्हणून ‘आउटलाइन नन’ लिहून पुसली जाते, आणि कीबोर्डवाला अंधारात चाचपडतो. चौकट आवडत नसेल तर स्वतःची काढा. मागच्या रंगाशी तिचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ३:१ हवं. मेनूतल्या नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना ४.५:१ लागतं. वरची पट्टी पान सरकवलं तरी जागीच चिकटून राहणारी असेल, तर फोकस तिच्याखाली दडत नाही ना, हेही बघा. डब्ल्यूसीएजी २.२ या, संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या, ऑक्टोबर २०२३च्या मानकात हा मुद्दा नव्याने आला. त्याच मानकात बोटानं दाबायच्या जागेचं किमान माप आहे: २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल. लिंक्समध्ये पुरेसं अंतर असेल तर थोडी सूट मिळते, पण ४४ ठेवता आलं तर कापऱ्या हाताला खरा आराम पडतो.

सगळ्यात जास्त घोळ ड्रॉपडाउनमध्ये होतो. माउस वर नेला की उघडणारा उपमेनू कीबोर्डनं उघडतच नाही, टचस्क्रीनवर त्याचा भरवसा नाही, आणि पडदा मोठा करून बघणाऱ्याचा माउस जरा हलला की तो मिटतो. उपमेनू उघडायला खरं बटण द्या. डिव्हला, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या टॅगला, क्लिक जोडून बटणासारखं रंगवलं, तर त्यावर टॅब थांबत नाही, एंटर आणि स्पेस चालत नाहीत आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. या चारही गोष्टी बटण-टॅगमध्ये फुकट मिळतात. त्या पुन्हा हातानं घडवण्याचा हट्ट कशासाठी, हे मला कधी उमगलेलं नाही. बटणावर ‘एरिया-एक्सपांडेड’ हा, मेनू उघडा की मिटलेला हे स्क्रीन रीडरला सांगणारा, गुणधर्म लावून मेनू उघडताना त्याची किंमत ट्रू आणि मिटताना फॉल्स करा. एस्केप दाबल्यावर मेनू मिटावा आणि फोकस त्याच बटणावर परत यावा.

कोडमध्ये मेनूला ‘रोल मेनू’ ही भूमिका मात्र लावू नका. नाव ऐकून मोह होतो, पण ती भूमिका सॉफ्टवेअरमधल्या ‘फाइल’, ‘एडिट’ अशा मेनूंसाठी आहे. ती लावली की ऐकणारा बाणांच्या कळा वापरू लागतो, आणि तुम्ही त्या हाताळलेल्या नसतात. साध्या नेव्हिगेशनला नॅव्ह टॅग, आत यादी आणि यादीत लिंक्स एवढं पुरतं. चालू पानाच्या लिंकला ‘एरिया-करंट’ची किंमत पेज अशी द्या, नुसता रंग बदललेला ऐकू येत नाही. दोन नॅव्ह असतील तर दोघांना वेगळी नावं हवीत, उदाहरणार्थ ‘मुख्य’ आणि ‘तळाची’.

मोबाइलचा हॅम्बर्गर मेनू पडद्याबाहेर नुसता सरकवून ठेवला, तर न दिसणाऱ्या लिंक्सवर टॅब फिरत राहतो. मिटलेल्या मेनूला ‘व्हिजिबिलिटी हिडन’ द्या. त्याच्या तीन रेघांच्या बटणाला ‘मेनू’ असं नावही द्या, नाहीतर फक्त ‘बटण’ ऐकू येतं. जिथे अक्षरं दिसतात तिथे नाव त्यांच्याशी जुळतं ठेवा. पडद्यावर ‘शोधा’ आणि कोडमध्ये ‘माहिती धुंडाळा’ असेल, तर आवाजी आज्ञा देणारा माणूस ‘शोधा’ म्हणत राहील आणि बटण ढिम्म.

शेवटी कानानं तपासा. विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. मॉनिटर बंद करून डी दाबलं की पानाच्या एका भागातून पुढच्या भागात उडी बसते. इन्सर्ट आणि एफ ७ एकत्र दाबलं की लिंक्सची यादी उघडते. त्या यादीत ‘अधिक वाचा’ नऊ वेळा ऐकू आलं, तर त्या नवांपैकी कुठली कुठे नेते, हे मॉनिटर चालू न करता सांगून बघा.