वायव्हर्नच्या नांगीतलं विष

(दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. आडवी पडलेली वायव्हर्नची मिनिएचर, म्हणजे छोटी मूर्ती. शेजारी वीस बाजूंचा फासा.)

वायव्हर्न, म्हणजे शेपटीला विषारी नांगी असलेला ड्रॅगनसारखा उडता प्राणी, कोसळला. तासभर रंगलेली लढाई संपली. जो तो खुर्चीत मागे रेलला. तेवढ्यात कोपऱ्यातून प्रश्न येतो, "याच्या नांगीतलं विष काढता येईल का?"

मला विचाराल, तर फँटसी रोलप्लेइंग खेळांतला, म्हणजे जिथे प्रत्येक खेळाडू एकेक काल्पनिक पात्र रंगवतो त्या खेळांतला, हा सर्वांत सुंदर प्रश्न आहे. ज्याला इतका वेळ फक्त हिट पॉइंट्स, म्हणजे किती जीव उरलाय याचा आकडा, होते, त्या प्राण्याला आता शरीर मिळतं. हाडं, ग्रंथी, खवले, रक्त.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळाच्या २०१४ च्या नियमांत या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे. प्राणी मेलेला किंवा हालचाल करू न शकणारा हवा. आधी सहा बाजूंचा फासा टाकायचा. जो आकडा येईल, तेवढी मिनिटं या कामाला लागतात. मग वीस बाजूंचा फासा, त्यात पात्राच्या निसर्गज्ञानाचा आकडा मिळवायचा. बेरीज २० किंवा त्याहून जास्त झाली, तर एका वापरापुरतं विष हाती येतं. कमी पडली, तर काहीच नाही. आणि पाच किंवा त्याहून जास्त फरकाने कमी पडली, तर विष काढणाऱ्यालाच बाधतं.

(दृश्य: फासा पाचावर थांबतो.)

पाच मिनिटं. एका खेळाडूचं पात्र असलेला चोर गुडघ्यावर बसलाय, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात काचेची कुपी. बाकीचे पाठ करून पहारा देताहेत. खेळ चालवणारा डन्जन मास्टर हळूच सांगतो, "नांगीचं टोक अजून थरथरतंय." टेबलावर कुणी बोलत नाही. शत्रू मेला, तरी भीती गेलेली नाही. याच नियमांत वायव्हर्नच्या एका डोसाची किंमत १,२०० सोन्याची नाणी आहे, पण एवढ्या धडपडीने मिळवलेली कुपी विकायला मन धजत नाही.

ही कल्पना नवी नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. १९७९ च्या डन्जन मास्टरसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सने जादूच्या काढ्यांसाठी साहित्य सुचवलं. उडण्याच्या काढ्याला काय हवं? हिप्पोग्रिफ या अर्ध्या गरुड, अर्ध्या घोडा प्राण्याची पिसं आणि वायव्हर्नचं रक्त. जे उडतं, त्याचाच अंश पोटात गेला की आपणही उडू.

माणसाने हा विचार खेळाच्या कितीतरी आधी केलाय. नॉर्स कथेतला सिगुर्ड फाफनिर ड्रॅगनचं काळीज भाजतो, बोट पोळतं म्हणून तोंडात घालतो, आणि ते रक्त जिभेला लागताच त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते. युरोपात शतकानुशतकं नारव्हाल या सागरी प्राण्याचा लांब दात युनिकॉर्नचं शिंग म्हणून, विषावरचा उतारा म्हणून विकला गेला. १६३८ मध्ये ओले वर्म या डॅनिश विद्वानाने तो खरा कुणाचा हे दाखवून दिलं.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१७ च्या पूरक नियमांनी या विचाराला मोजपट्टी दिली. जादूची वस्तू जितकी दुर्मीळ, तितक्या घातक प्राण्याशी गाठ घालून तिचं साहित्य मिळवायचं. म्हणजे तलवार घडवायची ठरवली, तरी आधी मोहीम आलीच.

एक मात्र कळकळीने सांगते. प्रत्येक गॉब्लिनचे, म्हणजे किरकोळ राक्षसाचे, दात मोजत बसलात, तर खेळाची खतावणी होते. मोठ्या शिकारीचा एकच अवयव घ्या, पण त्याचं काय होणार हे आधी ठरवा. डोळा चार दिवसांत सडेल, खवले वर्षानुवर्षं टिकतील, असा साधा निवाडासुद्धा पुरतो.

आणि ड्रॅगन? तो बोलतो. त्याला नाव असतं. त्याचं कातडं सोलण्याआधी टेबलावर सगळ्यांनी एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. खेळाच्या नियमांत ड्रॅगनच्या खवल्यांच्या जादुई चिलखताचं वर्णन आहे, त्यात दोन्ही वाटा दिल्यात: कधी शिकारी मेलेल्या ड्रॅगनचं कातडं काढून जपतात, तर कधी ड्रॅगन स्वतःच आपले गळलेले खवले गोळा करून भेट देतो.

हे चिलखत घालणाऱ्याला ३० मैलांच्या आतला, त्याच जातीचा सर्वांत जवळचा ड्रॅगन कुठल्या दिशेला आणि किती दूर आहे ते कळतं. एक दिवस तोही समोर येतो. त्याची नजर आधी त्या खवल्यांवर जाते.