खेळाडू कमी, मॅचेस तेवढ्याच

नमस्कार मंडळी. आज कॉलेजच्या बास्केटबॉल टीमबद्दल बोलूया, आणि तीसुद्धा अशी टीम जिच्यात माणसं कमी पडलीत. म्हणजे एकाचा घोटा मुरगळलाय, एकीचा गुडघा गेलाय, कोणाची परीक्षा आलीय, कागदावर नावं बारा आणि ग्राउंडवर येतात सात. मॅचेस मात्र तेवढ्याच. अशा वेळी बरेच कोच काय करतात, तर उरलेल्या सात जणांना दुप्पट पळवतात, माणसं कमी आहेत ना मग स्टॅमिना वाढवा म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. माणसं कमी असली की प्रॅक्टिस थोडा वेळ घ्या पण जोरात घ्या, आणि आराम पूर्ण द्या. थोडा वेळ, जोरात, आणि आराम पूर्ण. एवढं लक्षात ठेवा, बाकी मी बोलत राहीनच.

आता मला एक गोष्ट सांगायचीच आहे, मला फार आवडते ती. अमेरिकेत टेक्सासमध्ये फोर्ट वर्थ म्हणून शहर आहे, तिथे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, सगळे तिला टीसीयू म्हणतात. तिथली मुलींची बास्केटबॉल टीम 2022-23 च्या सीझनमध्ये जेमतेम 8 मॅचेस जिंकलेली. मग नवीन कोच आले, मार्क कॅम्पबेल. आणि पुढच्या सीझनला काय झालं, तर सुरुवातीच्या 14 मॅचेस सलग जिंकल्या! एकही हार नाही. टीममध्ये सेडोना प्रिन्स, सहा फूट सात इंच उंच पोरगी, बास्केटखाली उभी राहिली की समोरच्यांना शॉट कुठून मारायचा तेच कळेना. सगळं मस्त चाललं होतं आणि जानेवारी 2024 मध्ये एकदम साडेसाती सुरू झाली. प्रिन्सचं बोट मोडलं, बाकीच्यांच्याही दुखापती, गुडघ्याच्याही त्यात आल्या, आणि बघता बघता अशी वेळ आली की मॅचला उभं करायला धड खेळाडू उरल्या नाहीत.

आता विचार करा तुम्ही कोच असता तर काय केलं असतं. लीगच्या मॅचेस तोंडावर, समोर कॅन्सस स्टेटसारखी तगडी टीम, आणि इतक्या वर्षांनी जरा नाव व्हायला लागलेलं. आपल्याकडे असता कोणी तर म्हणाला असता, पट्टी बांध आणि उतर, कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे. टीसीयूने दोन मॅचेस सोडून दिल्या. कॅन्सस स्टेटची एक आणि आयोवा स्टेटची एक. न खेळता हार मान्य केली, लीगच्या टेबलमध्ये दोन पराभव लिहून घेतले, पण ज्या पोरी धडधाकट होत्या त्यांना मरेपर्यंत पळवलं नाही. मला हे फार मोठं वाटतं हो. दोन मॅचेस गेल्या तर सीझनमध्ये कुठेतरी भरून निघतात, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर बरेचदा वर्षभर खेळ बंद.

आणि मग खरी गंमत. कोचनी कॉलेजातच ट्रायआउट ठेवली, म्हणजे शिकणाऱ्या मुलींनो, कोणाला बास्केटबॉल खेळता येत असेल तर या! काल लेक्चरला बसलेली पोरगी आज पहिल्या डिव्हिजनच्या टीमच्या ट्रायआउटला. त्यातून चौघी घेतल्या, टीममध्ये व्हॉलीबॉल खेळणारीसुद्धा आली, उंची आहे, उडी आहे, हात वर जातो, अजून काय पाहिजे. आणि 23 जानेवारीला सेंट्रल फ्लोरिडाच्या टीमसमोर उतरल्या आणि जिंकल्या, 66-60. पुढच्या सीझनला नवीन भरती करून याच कॉलेजने बिग 12, म्हणजे ते खेळतात ती कॉलेजांची लीग, जिंकली आणि मार्च 2025 मध्ये देशातल्या शेवटच्या आठात पोचले, तिथे टेक्सास युनिव्हर्सिटीच्या टीमकडून हरले. दोन मॅचेस सोडल्या म्हणून कोणी कॉलेज बंद नाही केलं.

माझं मत विचाराल तर त्या चौघींचा खरा उपयोग मॅचपेक्षा प्रॅक्टिसला जास्त. कारण दहा जण नसतील तर पाच विरुद्ध पाच खेळताच येत नाही, मग मेन खेळाडूंनाच सगळीकडे नाचावं लागतं, अटॅकलाही तेच डिफेन्सलाही तेच. अमेरिकेत मुलींच्या बऱ्याच टीम कॉलेजातल्या मुलांना प्रॅक्टिसला बोलावतात, नियमाने चालतं ते, मुलं समोरची टीम बनतात आणि मुलींना मधेमधे बसता येतं. आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांना बोलवा, ज्युनिअर कॉलेजची पोरं बोलवा, येतात हो आनंदाने.

बाकी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कॉलेजच्या टीमना नियमच आहे की सीझनमध्ये आठवड्याला 20 तास, दिवसाला 4 तास, त्याच्यावर प्रॅक्टिस नाही, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. माणसं कमी असतील तर त्याहूनही खाली या. मॅचमध्ये ज्यांनी 30-35 मिनिटं काढली त्यांनी दुसऱ्या दिवशी उड्या मारायच्या नाहीत, फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर एका जागी उभं राहून मारायचे शॉट, ते टाकायचे, सेट प्ले, म्हणजे आधी ठरवलेल्या चाली, चालत चालत करायच्या, बस. जे बेंचवर होते त्यांना पळवा. मॅचमध्ये झोन डिफेन्स लावा, म्हणजे एकेका खेळाडूमागे न पळता प्रत्येकाने आपापला भाग सांभाळायचा, पाय वाचतात आणि फाऊलही कमी होतात, पाच फाऊल झाले की बाहेर, आणि बाहेर गेलेल्याच्या जागी आहे कोण? आणि आपल्याकडे बरीच कोर्ट्स सिमेंटची, त्याच्यावर रोज दोन तास उड्या म्हणजे गुडघ्यांची वाट. लाकडी कोर्ट मिळत असेल तर हट्टाने मागून घ्या.

आणि झोप. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत बास्केटबॉलच्या 11 खेळाडूंवर अभ्यास झाला, 2011 मध्ये छापून आला, त्यांना काही आठवडे रात्री 10 तास अंथरुणात राहायला सांगितलं, तर फ्री थ्रो 9 टक्क्यांनी सुधारले आणि स्प्रिंटही फास्ट झाली, 16.2 सेकंदांवरून 15.5 वर. कुठलंही नवीन ड्रिल नाही, फक्त झोप. आपल्याकडे मात्र जागणाऱ्या पोराचं कौतुक, रात्री दोनपर्यंत अभ्यास करतो म्हणून आई शेजारपाजारी सांगते, आणि सकाळी साडेपाचला ग्राउंडवर. तर कोच लोकांनो, सकाळची प्रॅक्टिस ठेवायचीच असेल तर मॅचच्या दुसऱ्या दिवशी तरी नको. थोडा वेळ, जोरात, आणि आराम पूर्ण.

एक साधी वही ठेवा, मॅचनंतर कोण किती मिनिटं खेळलं ते लिहा आणि पुढच्या दोन दिवसांची प्रॅक्टिस त्या वहीवरून ठरवा. आणि पोरांनो, गुडघा सुजला असेल, पायरी उतरताना दुखत असेल तर आज संध्याकाळीच कोचला सांगा, मॅच होऊ दे मग बघू असं करू नका.