डॉक्टरेटला १०, बालवाडीला १३

पडद्यावरचा हा तक्ता अमेरिकेच्या १९९४ च्या जनगणनेच्या माहितीतून काढलेला आहे. ४८,८४२ ओळी, ओळीमागे एक माणूस. ‘ॲडल्ट’ या नावाचा हा डेटासेट मशीन लर्निंग शिकणाऱ्या पुष्कळांच्या हाताखालून गेलेला असतो. माणसाची कमाई वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर आहे की नाही, हे त्यावरून ओळखायचं.

वय आणि कामाचे तास आकड्यांतच आहेत. शिक्षणाच्या रकान्यात मात्र शब्द आहेत, १६ प्रकारचे. मॉडेल, म्हणजे माहितीवरून अंदाज बांधणारा प्रोग्राम, करणार गुणाकार आणि बेरीज. शब्दाला गुणायचं कसं? म्हणून प्रत्येक शब्दाला आकडा द्यावा लागतो. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीतला लेबल एन्कोडर तो देतो, शून्यापासून, शब्दकोशात लागतील त्या क्रमाने.

आता हा रकाना जवळून बघा. नावं इंग्रजीत आहेत, दहावी म्हणजे ‘10th’. अंकाने सुरू होणारी नावं आधी लागतात, म्हणून दहावीला ० मिळाला. नववीला ६. डॉक्टरेटला १०, मास्टर्सला १२. आणि प्रीस्कूलला, म्हणजे बालवाडीला, १३.

लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे आकड्यांना गुणून-बेरजून हो की नाही ठरवणारं मॉडेल, हे आकडे खरे धरून चालतं. त्याच्या हिशेबात बालवाडी डॉक्टरेटच्या तीन पायऱ्या वर! आणि कुठेही एरर येत नाही. कोड सुरळीत चालतो, उत्तरही येतं. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

खरं तर याच तक्त्यात शेजारी आणखी एक रकाना आहे. तेच शिक्षण, पण चढत्या क्रमाने: बालवाडी १, डॉक्टरेट १६. सायकिट-लर्नमधल्याच ऑर्डिनल एन्कोडरला क्रम आपण हाताने लिहून दिला, की तोही अशीच मांडणी करतो.

व्यवसायाचं काय? तिथे वरचं-खालचं काहीच नाही. अशा वेळी वन-हॉट: प्रत्येक व्यवसायाला स्वतंत्र रकाना, त्यात १ किंवा ०. जन्मदेशाच्या रकान्यात चाळीसहून जास्त देश आहेत, म्हणजे तितके रकाने वाढणार. पसारा होतो, पण खोटा क्रम शिरत नाही.

डिसिजन ट्री, म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत फाटे फोडणारं मॉडेल, असे उलटसुलट आकडे बरेचसे सहन करतं. एकेक प्रकार वेगळा काढायला त्याला जास्त फाटे फोडावे लागतात, एवढंच.

लेबल एन्कोडर मुळात उत्तराच्या रकान्यासाठी आहे, असं सायकिट-लर्नच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलंय. इथे तो रकाना म्हणजे कमाई: पन्नास हजारांपर्यंत ०, त्यावर १. तिथे तो चपखल बसतो.