डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावरचे आकडे

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या स्पोर्ट्स कारचे अस्सल इग्निशन पार्ट ओळखावेत कसे’. अर्धा तास मिळालाय, त्यातली दहा मिनिटं स्वागतात गेली. असो. 2023च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्या मांडल्या होत्या, तेव्हा तुमच्यापैकी निम्मे तरी तिथे असणार. सगळे रंग बघत होते, फोटो काढत होते. आम्ही दोन-चार येडे बॉनेट उघडायची वाट बघत ताटकळलो होतो.

दांडिया बाजारातल्या माझ्या एका मित्राकडे 1957ची एमजीए, म्हणजे ब्रिटिश एमजीची स्पोर्ट्स कार, आहे. गाडी देखणी, पण पावागडला माचीच्या चढावर नॉकिंग (इंजिनातली ठकठक) असं, की मागच्या गाडीवाल्याला वाटावं डब्यात खिळे भरलेत. पेट्रोल बदललं, प्लग बदलले, ओळखीच्या मिस्त्रीला शिव्या घालून झाल्या. शेवटी डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग, बाहेर काढला, तर तो अँबॅसडरचा! यात नवल काही नाही. एमजीएचं 1489 सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मुंबईची पालिका नव्हे) ‘बी’ सिरीजचं, आणि आपल्या अँबॅसडरलाही वर्षानुवर्षं तेच. म्हणून गाड्यांचे विजेचे पार्ट बनवणाऱ्या लुकास-टीव्हीएसचा इथे मिळणारा माल एमजीत अलगद उतरतो. मिस्त्री म्हणाला, “बेसी गयुं ने, साहेब?” बसला रे बाबा, बसणारच! पण एमजीएचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली दाबणी, जास्त. अँबॅसडरसाठी बेतलेला अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडावी ते माप, तिला कसा मानवणार?

आता माझं खरं दुखणं. मूळचा डिस्ट्रिब्यूटर मित्राच्या वडिलांनी जपून ठेवलेला होता, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. मित्राने तो साफ करायला एका वर्कशॉपला दिला. आठवड्याने परत आला तो असा चकचकीत, की लग्नात आहेर म्हणून द्यावा. कारागीर खूश, मित्र खूश. मी भिंग लावलं. बॉडीच्या बाजूला मॉडेल, पार्ट नंबर आणि तारीख ठोकलेली असते, ती सगळी बफिंगमध्ये गुळगुळीत! साठ वर्षं मळाने जपलेलं एका दुपारी गेलं. वर बिलात ‘पॉलिशिंग’ वेगळं लावलेलं. हसू नका, तुमच्यातही बफवाले बसलेत, मला चेहरे दिसतायत.

(चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.)

तर मुद्द्याचं. आधी मळ केरोसिनने आणि ब्रशने काढा, एमरी (घासकागद) लावू नका. मग नंबर वाचा. तारीख गाडीच्या जन्माच्या थोडी आधीची हवी. गाडीनंतरची असली तर पार्ट मागाहून आलाय. नंबर गेला असला तरी हातपाय गाळू नका. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा आतला स्विच) आणि त्याखालची प्लेट काढली की तो स्विच उघडणाऱ्या कॅमच्या पायाशी एक आकडा असतो, तो सेंट्रिफ्युगल, म्हणजे वेगाबरोबर वाढणाऱ्या, अ‍ॅडव्हान्सचे जास्तीत जास्त अंश सांगतो. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे 10 असले तर क्रँकवर 20 धरायचे. बफ तिथवर पोचला नव्हता, म्हणून मित्राचा डिस्ट्रिब्यूटर निदान त्या आकड्यावरून पडताळता आला. इंजिनातल्या व्हॅक्यूमच्या ओढीने अ‍ॅडव्हान्स बदलणारं व्हॅक्यूम युनिट असतं, त्यावरही तीन आकडे असतात. समजा 5-17-8 : पाच इंच पारा एवढ्या व्हॅक्यूमला सुरुवात, सतराला शेवट, आणि आठ अंश, तेही डिस्ट्रिब्यूटरचेच.

कॉइलचं, म्हणजे बॅटरीच्या करंटचा व्होल्टेज ठिणगीइतका वाढवणाऱ्या भागाचं, घाईत सांगतो. लुकासच्या जुन्या कॉइलवर अधिक-उणे नसतं, ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ असतं. एसडब्ल्यू स्विचकडे, सीबी डिस्ट्रिब्यूटरकडे. एमजीए पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. तिला नवी अधिक-उणेवाली कॉइल लावलीत तर अधिकची तार डिस्ट्रिब्यूटरला जायला हवी. उलट जोडली तरी इंजिन चालतं, ठिणगी तेवढी कमजोर पडते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आणि ओहममीटर लावा : साध्या बारा व्होल्टच्या कॉइलला तीनच्या आसपास ओहम दिसतील. दीड दिसले तर ती बॅलास्टवाल्या (कॉइलआधी वेगळा रेझिस्टर असलेल्या), नंतरच्या गाडीची.

डिस्ट्रिब्यूटरची कॅप, आतला रोटर राहिलेच. मागच्या रांगेतले काका मघापासून पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. काका, आत डिस्ट्रिब्यूटर असला तर आधी तुमचाच प्रश्न घेऊ. पुसलेला नसावा म्हणजे झालं.